खांद्यावरचं खोगीर

आमच्या रहिमतपूरचे चाचा लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी घोडी आणि स्वार, दोघांनाही तयार करतात. "दमलीस का, बाय?" असं रोज घोडीला विचारतात, मला कधीच नाही. चढावर मला खाली उतरवून तिच्याबरोबर पळवतात.

शर्यत आठवड्यावर आली असताना मी हौसेनं तिला औंधपर्यंत दामटलं. एसटीनं पुढं जाऊन थांबलेल्या चाचांनी तिच्या छातीला कान लावला. ठोके लवकर उतरेनात. त्यांनी खोगीर काढलं, आणि ती निवल्यावर ते स्वतःच्या खांद्यावर घेतलं. परतीची एसटी समोर उभी होती, तरी चालतच निघाले.

"चाचा, द्या इकडं."

"ऱ्हाऊ दे. घोडी तयार हाय. तुला तयार करन्यात मीच कमी पडलो."

रहिमतपूर येईपर्यंत त्यांनी खांदासुद्धा बदलला नाही.