जऊळक्याच्या वावरातली ओहोटी

आधीच सांगून टाकतो — मी वाशीमच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, आणि आमच्या बौद्ध घरात भूत, अंगारे, अंगात येणं हे सगळं उंबऱ्याबाहेरच थांबतं. बाबा तर या बाबतीत माझ्याहून कडक. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला त्यांचा. बिघाड आहे म्हणजे कारण असणारच, हा त्यांचा खाक्या. म्हणूनच हे त्यांच्याच बाबतीत घडावं, याचं मला अजून नवल वाटतं.

बाबांना नाद दोनच — चहा आणि गळ. रिटायर झाल्यावर जऊळका गावी माझ्याकडे येऊन राहिले, ते तलाव जवळ म्हणून. मागच्या वर्षी त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. परत येताना गाडीत बाबा एवढंच बोलले, "समुद्र पाह्यला नाई राजा आपन."

मग काय... मालवणकडच्या एका बोटवाल्याशी बोललो आणि दिवाळीच्या सुट्टीत अख्खी बोट ठरवली. शार्क धरायला! तिकडे छोट्या शार्कला मुशी म्हणतात. काही जातींवर बंदी आहे, त्यामुळे जे लागेल ते बघून परत पाण्यात सोडायचं, ही बोटवाल्याची अट. बाबांना ती फार आवडली. "खायाचं नाई, नुसतं भेटाचं," म्हणाले.

तयारी जोरात सुरू झाली. मोठ्या रिळाची काठी, जाड दोरा, तारेला जोडलेले गळ, सगळं ऑनलाइन मागवलं. पण तलावातल्या मासोळ्या ओढलेला हात शार्कला पुरणार कसा? शेजारच्या रमेशने तोडगा काढला. सोयाबीन निघालेल्या वावरात दोरा त्याच्या मोटरसायकलला बांधायचा, त्याने गाडी हळूहळू पुढे न्यायची आणि बाबांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून ओढ सांभाळायची. सगळं गाव हसलं. "मामा, मासा शंभर सीसीचा हाय, जपून," रमेश म्हणायचा.

अशाच एका सकाळी बाबांनी मध्येच हात वर केला.

"थांबव रे गाडी. पानी उतरून राह्यलं."

"कायचं पानी, मामा?" रमेशने विचारलं. वावर कोरडं ठणठणीत होतं.

बाबांनी चपला काढल्या आणि खाली बघत राहिले. "माह्या टाचंखालून रेती सरकून राह्यली. कोनी समोर ओढून नेल्यासारखी."

रेती कुठली? काळी माती, तीही भेगाळलेली, जागची हललेली नव्हती. मला वाटलं शुगर वाढली असेल, पायाला मुंग्या आल्या असतील. त्यांना सावलीत बसवलं. तेवढ्यात बोटवाल्याचा फोन आला, लाइफ जॅकेटच्या मापाबद्दल. कुठे आहात, म्हणून सहज विचारलं, तर म्हणाला, "किनाऱ्यावर. आत्ताच ओहोटी लागली, बोट बांधून घेतोय."

योगायोग... मीही तेच म्हटलं. ओहोटी बाबांना कळणार तरी कुठून? आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना समुद्र म्हणजे एक मोठं धरण, भरलं की भरलं. त्याचं पाणी रोज चढतं-उतरतं हे बोट ठरवताना मी सांगितलं, तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "गेट कोन उघडते?"

पण मास्तरकी स्वस्थ बसू देईना. मी मोबाईलवर मालवणची भरती-ओहोटी दाखवणारं ॲप घेतलं, त्यांना न सांगता. चहा पिताना, दाढी करताना मध्येच विचारायचो. "चढून राह्यलं," ते म्हणायचे. नाहीतर, "ठप्प हाय, आता फिरन." एकदाही चुकले नाहीत. डॉक्टरांना पाय दाखवले, तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. लाज बाबांनाच जास्त. "कोनाले सांगू नोको. लोक म्हनतीन, म्हातारा अंगात आनून राह्यला."

तरी ते खूश होते. नजर कडेकडेने मिटत चालली होती, चालताना खांदा चौकटीला लागायचा. एकदा म्हणाले, "डोये गेले तरी हे राहीन वाटते. कुठंतरी पानी चालू हाय, एवढं त कळत राहीन." त्या दिवशी मला त्यांच्या डोळ्यांची भीती पहिल्यांदा कमी वाटली.

दिवाळीत गेलो. समुद्र समोर आला तेव्हा बाबांनी चष्मा पुसून परत लावला आणि मान हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली, कारण एका नजरेत त्यांना तो मावत नव्हता. मग पाण्यात उभे राहिले. लाट मागे गेली, टाचेखालची रेती सरकली. "हेच," म्हणाले. "अस्संच."

बोटीवर एक हातभर मुशी लागली. बाबांनी तिच्या अंगावरून हात फिरवला, "कानशीसारखी हाय," म्हणाले आणि स्वतःच्या हाताने सोडून दिली. काठावर उतरताना त्यांनी बोटवाल्याला विचारलं, "भाऊ, आता पानी चढून राह्यलं का उतरून?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. करत नव्हते.

तेव्हापासून काही नाही. घरी आल्यावर किती दिवस ते अनवाणी धुऱ्यावर उभे राहायचे, मी बाजूला ॲप उघडून. त्यांना पायाखाली फक्त माती लागायची. ते आलं कसं, गेलं कुठे, याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

बाबांचा उजवा डोळा आता गेला आहे, डावाही थोडाच उरलाय. परवा मी धीर करून विचारलं, "बाबा, मी तुमाले नेलं नसतं तं ते राह्यलं असतं का?"

"राह्यलं असतं बहुतेक," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन नेलं ते बरं केलं तू."

हे त्यांना खरंच वाटतं, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, तेही मला कळलेलं नाही.