पडद्यावर गळलेला र

सुनंदाताई टिकोणे यांची आणि माझी पहिली भेट लोणावळ्यातल्या त्यांच्या कामाच्या खोलीत झाली. मी नोकरी मागायला गेलो होतो. त्यांनी संगणकाच्या दोन पडद्यांवर एकच ओळ उघडली आणि फरक विचारला. मी धिटाईने "काहीच नाही" म्हणालो. "मग अजून थोडं बघा," म्हणून ताई चहा करायला गेल्या. चहा पिऊन झाला तरी मला फरक दिसला नव्हता. तरीही त्यांनी मला ठेवून घेतलं. का, ते आजतागायत सांगितलेलं नाही.

ताई मराठीसाठी फॉन्ट तयार करतात. अक्षर कागदावर देखणं उतरलं की बहुतेकांचं काम संपतं, ताईंचं तिथून सुरू होतं. पडदा म्हणजे शेवटी ठिपक्यांची जाळी. ओटीएफ प्रकारच्या फॉन्टमध्ये वळण कुठल्या ठिपक्यांवर बसवायचं हे बरंचसं संगणकावर सोडलेलं असतं. टीटीएफमध्ये प्रत्येक अक्षराला तशा बारीक सूचना देता येतात. महागड्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या पडद्यावर मात्र सूचना चुकल्या, की अक्षराचे हाल कुत्रं खात नाही.

एका संस्थेने लोहगडवाडीच्या प्रौढ साक्षरता वर्गासाठी संगणकावर धडे तयार केले, ते ताईंच्या टीटीएफ फॉन्टमध्ये. धड्यांचं उद्घाटन तोंडावर आलं असताना आम्ही सहज बघायला गेलो. वर्गात देणगीतून आलेले जुने संगणक होते. गडाच्या वाटेवर पिठलं-भाकरी विकणाऱ्या चंद्राबाई बोट ठेवून वाचत होत्या, "डोंगरात... खोल... दया आहेत." मग थांबल्या. "आमच्या डोंगरात दया कुटं आली? दऱ्या हायत. न्हाई बाई, माझ्या डोस्क्यात न्हाई शिरायचं ह्ये. उद्यापास्नं मी न्हाई येत."

त्या उठल्याही. ताईंनी पडद्याला नाक लावलं. 'दऱ्या'मधल्या अर्ध्या र ची बारीक रेघ उमटलीच नव्हती.

"मावशी, बसा. तुम्ही बरोबर वाचलंत. अक्षर चुकलंय, आणि ते मी केलंय."

पण चंद्राबाईंना ती समजूत वाटली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत.

संस्थेचे व्यवस्थापक म्हणाले, "फाइलचा प्रकार बदला, वॉफ वापरा." वॉफ ही वेबसाठी घातलेली नुसती घडी, आतला फॉन्ट तोच राहतो, हे ताईंनी त्यांना शांतपणे समजावलं. सूचना लिहिण्याचं काम आम्ही एका तयार प्रोग्रामवर सोपवलं होतं. तो रोमन लिपीसाठी बनलेला. आपली अक्षरं शिरोरेषेला लोंबतात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"उद्घाटन पुढे ढकला, नाहीतर माझा फॉन्ट काढून टाका," ताई म्हणाल्या.

"एका शब्दासाठी?"

"मावशी त्या एका शब्दासाठीच घरी गेल्या."

उद्घाटन पुढे गेलं. ताईंनी एकेका अक्षराच्या, जोडाक्षराच्या सूचना हाताने लिहिल्या. मी शेजारी बसून वैतागत होतो. अक्षरं धूसर दिसतात, अशी कुरकुर केली, तर ताई मला तळेगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या आणि माझा नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. "अक्षरं ठीक आहेत, पवार. चष्मा बदला." तो अर्धा र आता जरा जाड दिसतो, त्यावर जाणकार नाकं मुरडतात. ताईंना त्याचं सोयरसुतक नाही.

मग ताई स्वतः चंद्राबाईंच्या दुकानात गेल्या, भाकरी खाल्ली आणि त्यांना वर्गात घेऊन आल्या. चंद्राबाईंनी वाचलं, "डोंगरात खोल दऱ्या आहेत." आणि कुणी न सांगता पुढची ओळ वाचायला घेतली. ताई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मला फार भरून आलं होतं, त्यांचं काय झालं होतं ते मी विचारलं नाही.

ताईंना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, अशी मोठमोठी वाक्यं मी जुळवत होतो. त्यातच चंद्राबाईंना ही बातमी कळवली. उत्तरादाखल त्यांचा फोन येईल असं वाटलं होतं. फोन आला नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने मोबाइलवर लिहून पाठवलं: "ताई लय वर्सं जगा."