मागच्या खोलीची कडी

सचिनचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते, दोघींच्या मापाचे. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी तांदूळ निवडून पुरे केले, मग उठले. त्याला आता दीड महिना झाला. कमल माझी धाकटी जाऊ. आकुर्डीच्या या घरात आम्ही चाळीस वर्षं काढली, शेवटची काही दोघी विधवा म्हणून. भेटायला येणारे म्हणतात, तुम्ही दोघी सख्ख्या बहिणींसारख्या होतात. नव्हतो. मी तिला कोंडून ठेवत होते.

ती लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या, स्वयंपाकघर माझ्या ताब्यात होतं. दोघे भाऊ एकाच कंपनीत, शिफ्टवर जायचे. कमल भात खायची, बटाटा खायची, भाकरीचा कोर खायची. डाळ, मटकी, अंडं, दूध समोर आलं की तोंड फिरवायची. "अक्का, मला सोसत नाही," म्हणायची. "माहेरी काय सोनं खात होतीस?" असं म्हणून मी समोर बसायचे आणि ताट चाटूनपुसून संपवायला लावायचे. मला ते नखरे वाटत होते. सचिन झाला तेव्हा तर बाळंतिणीच्या अंगात ताकद यावी म्हणून मी रोज दोन अंडी, दिवसाआड कलेजी आणि वर मटकीची उसळ असं चालू केलं. पाचव्या दिवशी ती ओकायला लागली, सहाव्या दिवशी बडबडायला. मला ओळखेना. बाळाला कुठं ठेवलं ते तिला सांगता येईना... ते मोरीत सापडलं, रडत.

शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे. मी तिला मागच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. ती आतून दार वाजवत होती. "अक्का, कडी काढा... अक्का." मी दोन वेळा दार उघडायचे, तेही भाताची पेज आत सरकवण्यापुरतं. तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली, बाळाला मागायला लागली. घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं की कडीनं गुण आला.

मग तेच औषध झालं. कुणाच्या लग्नात, बारशात लोकांनी आग्रह करून ताटात वाढलं की ही भिडेनं खायची, घरी येऊन चार-दोन दिवसांत बरळायला लागायची, आणि मी कडी लावायचे. पाच-सहा वेळा तरी झालं असेल. शेवटी शेवटी तर डोकं फिरायला लागलंय असं वाटलं की ती आपणहून उठून खोलीत जायची आणि म्हणायची, "लावा अक्का."

सचिन मोठा झाला, चाकणला एका कारखान्यात डिस्पॅचला लागला. त्यानं कडीचं औषध मानलं नाही. आईला पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, बरोबर मी. बऱ्याच तपासण्या झाल्या. मग डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "आजी, आजारी पडायच्या आधी या काय खायच्या?"

"सगळं चांगलंच. अंडी, कलेजी, मटकी."

"आणि बऱ्या कशा व्हायच्या?"

कमलच म्हणाली, "अक्का खोलीत घालून पेजेवर ठेवायच्या."

"त्या पेजेनं वाचलात तुम्ही," बाई म्हणाल्या. त्यांनी कागदावर एक चौकोन काढला, त्याला दोन दारं काढली. ही आतड्यातली पेशी. डाळीचे, अंड्याचे पोटात बारीक तुकडे होतात. ते पुढच्या दारानं पेशीत शिरतात आणि मागच्या दारानं रक्तात जातात. हिच्यात काही ठरावीक तुकड्यांचं मागचं दार जन्मापासून चालत नाही. तुकडे आतच अडकतात. ते रक्तात पोचले नाहीत की जेवणातून तयार होणारा अमोनिया शरीराला धुऊन काढता येत नाही, तो डोक्यात चढतो.

"म्हणजे माल आत येतोय, पण डिस्पॅचचं गेट बंद," सचिन म्हणाला.

"अगदी तसंच." मग त्यांनी एक पावडर लिहून दिली. ती दुसऱ्या दारानं रक्तात जाते आणि आत गेल्यावर तिच्यापासून अडकलेल्यांचं काम करणारे तुकडे बनतात. जेवण मात्र कायम मोजून.

पेजेचं श्रेय मी घेणार नाही. दया म्हणून मी पेज दिली नव्हती. वेड्या बाईला डाळ-कोरड्यास कशाला, म्हणून दिली होती.

घरी आल्यावर मी पेचकस घेतला आणि कडी काढली. कमल मागं उभी होती. म्हणाली, "अक्का, तुमच्या मटकीनं मी मेले असते तर फौजदाराला काय सांगितलं असतंत?"

"हावरट होती म्हणून सांगितलं असतं."

ती खूप हसली. मीही हसले. माफी मागायची ती वेळ होती, मी मागितली नाही. पुढेही नाही. ती वाट बघत होती की नाही, ते आता कुणाला विचारू...

पावडरीवर ती नीट राहिली. एकदाही बरळली नाही. पण त्याच आजारानं पुढं किडन्या गेल्या, मग फुप्फुसं. दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा नर्स पलंगाभोवतीचा पडदा ओढत होती. कमलनं हात वर केला. बोलवत नव्हतं तिला. मी नर्सला म्हटलं, "राहू दे उघडा."

कडी काढली तरी मागच्या खोलीचं दार आपोआप मिटतं. म्हणून कमलनं त्याला पाट्यावरचा वरवंटा लावून ठेवला होता, मिक्सर आल्यापासून तो नुसताच पडून होता. परवा सचिन नवी कडी घेऊन आला. "काकू, दार सारखं उघडंच असतं, बसवून टाकू." मी म्हटलं, "तुझ्या घरी बसव." केर काढताना मला तो वरवंटा उचलावा लागतो. उचलला की दार हळूहळू मिटायला लागतं. मी केरसुणी खाली टाकते आणि आधी वरवंटा परत लावते. त्याच्याखालचा केर तसाच राहतो.