मेव्हिस आणि तिची चार पायांची सवत

मेव्हिस हेपवर्थला सवत होती, आणि ती चार पायांची होती. इंग्लंडमधल्या बार्न्स्लीतल्या त्या अख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिच्या नवऱ्याला, क्लिफला.

क्लिफ कोळशाच्या खाणीवरून यायचा, चहा घ्यायचा, आणि मग उरलेली संध्याकाळ फ्लॉसीची. फ्लॉसी ही त्याची शर्यतीची ग्रेहाउंड कुत्री. पिवळसर, हाडकुळी, चेहरा मात्र संतिणीचा. शेगडीपुढच्या गालिच्यावर तिला उभं करून तो तिला मानेपासून मांड्यांपर्यंत अर्धा तास तेल चोळायचा. “हलू नकोस, राणी. अश्शी.” मेव्हिसला त्याने राणी म्हटलं होतं ते लग्नानंतर ब्लॅकपूलच्या समुद्रावर गेले होते तेव्हा, आणि तेव्हा तो प्यायलेला होता.

फ्लॉसीला शेरी दारूत फेटलेलं अंडं, मेव्हिसला कालचे बटाटे. फ्लॉसीचा थंडीतला झगा मेव्हिसच्या जुन्या कोटाचा, आणि तो शिवलाही मेव्हिसनेच, ओठ आवळून. सूतगिरणीत बावीस वर्षं उभं राहून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. तो कसा आहे हे घरात कुणी विचारत नव्हतं. मत्सर वाटायला माणूसच लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या घरात एक संध्याकाळ काढायला हवी होती.

एके वर्षी लंडनहून टीव्हीचा एक लेखक आला. शर्यतीच्या कुत्र्यांपायी वेड्या झालेल्या माणसावर त्याला विनोदी मालिका लिहायची होती. दोन दिवस तो त्यांच्या स्वयंपाकघरात बसला. क्लिफ बोलत सुटला. मेव्हिस भांडी घासता घासता पुटपुटली, “मेल्यावर मी कुत्री होऊन येणार. मग तरी अंडं मिळेल.” लेखकाची पेन्सिल लगेच हलली.

मालिका लागली, तेव्हा टीव्हीतली बायको तेच वाक्य बोलली आणि स्टुडिओतली माणसं खदाखदा हसली. क्लिफ तर खोकला लागेपर्यंत हसला.

“काय गाढव आहे बघ,” तो म्हणाला. “याची बायको याला सोडून का जात नाही?”

“मलाही तेच कळत नाही,” मेव्हिस म्हणाली.

वाक्य चोरलं, चोरू दे. तिला झोंबला तो पाचवा भाग. त्यात ती बायको पाठ दुखते म्हणाली, आणि त्या गाढवाने कुत्र्याला बाजूला सारून तिच्या पाठीला तेल लावलं, तेही कणीक तिंबल्यासारखं. लोक हसले. मेव्हिसचा मात्र जळफळाट झाला. फ्लॉसी निदान पळून तेल कमवत होती. या बाईची पाठ दुखतदेखील नव्हती.

ती उठली आणि तिने टीव्ही बंद केला.

“अगं, संपायचाय अजून.”

“माझा खांदा दुखतोय.”

“मग डॉक्टरला दाखव.”

“दाखवलाय. मी तुझ्या हातांबद्दल बोलतेय, क्लिफ. त्या खोट्या बाईला मिळालं ते मला हवंय. आत्ता.”

क्लिफने तेलाच्या बाटलीकडे पाहिलं. “हे कुत्र्यांचं तेल आहे. झोंबतं.”

“झोंबू दे.”

ती बुटक्या स्टुलावर बसली, स्वेटर खांद्यावरून खाली सरकवला. त्याचा अंगठा नेमका गाठीवर जाऊन थांबला. इतके अचूक हात घरात असताना आपण वर्षानुवर्षं सोसलं, याचाच तिला राग आला.

“केवढी गाठ आहे ही. बोलायचंस ना.” मग सवयीने तो पुटपुटला, “हलू नकोस, राणी.”

तो शब्द कुणाचा आहे हे तिला माहीत होतं. तरी तिने तो घेतला.

एवढ्यात फ्लॉसी आली. केविलवाणी कुंई करून तिने आपलं लांब तोंड त्याच्या हाताखाली खुपसलं. क्लिफचे हात थांबले.

“तिची वेळ झालीय,” तो म्हणाला.

मेव्हिसने फ्लॉसीच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे जे होतं ते तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. तिला दया आली नाही. उलट बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

“हिच्याआधी नेल होती, तिच्याआधी डॉली,” ती म्हणाली. “मी तिघींसाठी थांबले. हिने आज एकदा माझ्यासाठी थांबावं.”

क्लिफने तळव्यावर पुन्हा तेल ओतलं.