उकळत्या पेजेत टाकलेलं पीठ

बाबूजींना मी तोंडघशी पाडलं होतं.

आज ते जाऊन वर्ष झालं. आता तरी खरं लिहिते.

बाबूजी गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मशीनवर होते. तांदूळ पॉलिश झाला की कोंडा निघतो, तो सगळा ढोरांना जायचा. बाबूजींचा जीव मात्र त्या कोंड्यातच!

ड्यूटी संपली की गरम कोंडा पिशवीत घालून सायकल दामटत यायचे आणि हातपाय न धुता तो भाजायला बसायचे.
"ठेवला का कडू होते. कोंडा कोनासाठी थांबत नाही."

मग कनकीची, म्हणजे तुकडा तांदळाची पेज, त्यात तो कोंडा आणि मोड आलेले गहू वाळवून केलेलं पीठ. चार तास झाकून ठेवायचं. साखरेचा दाणा नाही, तरी गोड! गाळून आटवलं की थेट काकवी.

शेजारी हसायचे. "काऊन गा, ढोराचं खानं पोरीले चारून राहिला?"

एकदा मिलचा शेठ म्हणाला, "बनाके दिखाओ. अच्छा लगा तो बनाने के लिए मिल में जगह दूँगा."

ठरल्या दिवशी बाबूजींनी ठेवणीतला शर्ट घातला. मिलमध्ये जाताना मला बजावलं, "पेज कोमट झाली का मंगच पीठ टाकजो."

मला मैत्रिणीकडे जायचं होतं. कोण थांबतं? उकळत्या पेजेतच पीठ ओतलं, झाकण ठेवलं आणि पळाले.

दुपारी शेठने चमचा तोंडात घातला. "ये तो फीका है, भाई." त्याने पुन्हा कधी विषय काढला नाही.

बाबूजी एवढंच म्हणाले, "माहा कोंडाच शिळा होता."

पुढे बीएससीला मॅडमनी शिकवलं. मोडातलं एन्झाइम स्टार्चची साखर करतं, उकळत्यात ते मरतं. त्या दिवशी डबा न उघडताच घरी आणला.

आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. बाबूजीच गेले.

काल आईजवळ रडत कबूल केलं. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली,
"त्यायले मालूम होतं. तू गेली अन् ते पेज पाहाले आले. पेजेच्या गंजात बोट बुडवलं तं पोळलं. दुसरं करायले टाइम नोता. मले म्हने, पोरीले काही बोलू नोको, जीवाले लावून घेईल."

इतकी वर्षं!

आज सकाळी पेज केली. बोटाला सोसेपर्यंत थांबले.

गोड झाली, बाबूजी. पहिली वाटी तुमच्या फोटोपुढे ठेवली आहे.

कोंडा शिळा नव्हता. चूक माझी होती. माफ करा, आणि आता निवांत राहा.