मावशींच्या पडवीतला तारा

खगोलशास्त्रात बीएस्सी करणारे रात्रभर जागतात, असं लोकांना वाटतं. मी मात्र तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात भल्या सकाळी स्कूटरला ॲल्युमिनियमच्या सहा नळ्या बांधून पुण्याहून मावळात निघालो. नळ्यांची अँटेना करून सूर्याचा रेडिओ आवाज टिपायचा, हे माझं प्रोजेक्ट. कॉलेजच्या गच्चीवर शहराचीच खरखर यायची. सरांनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत धड नोंदी आल्या नाहीत तर वर्ष गेलं.

सोमाटण्याला चहाला थांबलो. टपरीवाल्यानं नळ्या पाहून मांडव कुणाकडं हाय, असं विचारलं. मी सूर्याबद्दल सविस्तर सांगितलं. त्यानं दयेनं साखर जास्त घातली.

वराळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी मित्राच्या मावशींचं शेत होतं. हरभरा घाट्यांवर आलेला. माझ्यासाठी मावशींनी पंप, टीव्ही, शेजारची गिरणीसुद्धा बंद करवली. मी अँटेना जोडून हेडफोन लावला, तर टक, टक, टक. दर सव्वा सेकंदाला एक, अगदी घड्याळासारखं. सूर्य असा बोलत नाही. असा बोलतो पल्सार, ठेक्यात रेडिओ लहरी सोडणारा तारा. अँटेना डोंगराकडे वळवली तरी टकटक तशीच. यावरून तारा फार बलवान असणार, असा निष्कर्ष मी काढला.

पेढे तळेगावातही मिळाले असते. पण शोध मोठा, म्हणून लोणावळ्याची चिक्कीच हवी. डावीकडे लोहगड-विसापूर मागे टाकत तासाभरात पोचलो, दुकानातूनच सरांना फोन केला. मी नीट जेवलोय का, एवढंच त्यांनी विचारलं. मी ते कौतुक समजलो.

परत येऊन सगळ्यांना चिक्की वाटली. मावशींनी हात पुसले आणि पदरावरूनच हेडफोन चढवला.

“आरं, ह्यो तर आमचा झटका हाय. रोज उशाशी टकटकतो. त्याबिगर झोप न्हाई लागत मला.”

झटका (जनावरं अडवायला कुंपणाच्या तारेत थांबून थांबून वीज सोडणारं यंत्र) पडवीच्या भिंतीवर होता. बॅटरीवर चालणारा, म्हणून कुणाच्या ध्यानातच आला नाही. त्याचा लाल दिवा माझ्या ताऱ्याच्या ठेक्यात लुकलुकत होता.

मी अँटेनाच्या नळ्या सोडायला लागलो. “सरांना सांगून बसलोय, मावशी. माझं वर्ष गेलं.”

“मंग बंद करू की त्याला. गुरं मी बघते.”

तासभर मावशी काठी घेऊन हरभऱ्याच्या बांधावर उन्हात उभ्या राहिल्या. मोकाट गुरं पलीकडेच टपलेली. हेडफोनमध्ये टकटक नव्हती. लांब कुणीतरी सुपात तांदूळ पाखडावेत तशी सळसळ होती. अँटेना सूर्याकडून वळवली की ती कमी व्हायची, परत नेली की वाढायची. मी मुकाट्यानं लिहीत राहिलो.

सोमवारी सरांना झटक्यासकट सगळं सांगितलं. नोंदी तपासून त्यांनी सही केली आणि उरलेली चिक्की ठेवून घेतली.

गेल्या महिन्यात लोणावळ्याहून पुण्याला परतताना वाट वाकडी केली. शेताच्या जागी आता आठ मजली इमारती आहेत. मावशींचं घर तेवढं राहिलंय. पडवीत टेकलो, तर कानावर ओळखीची टकटक. भिंतीवर तोच झटका. त्याला तार मात्र कुठलीच जोडलेली नव्हती.

“कुंपण कुठाय, मावशी?”

“न्हाई आता. पर झोपायला लागतं ना.”

त्यांनी चटई टाकली. पुण्याला उशिरा पोचलो. पडवीतल्या त्या टकटकीत कधी डोळा लागला, कळलंच नाही.