हँडलचं भोक

गाड्या दोन, निवडायची एक. दोन्ही नव्याकोऱ्या, रूप मात्र जुन्या जीपचं. मला एकीचे गोल दिवे आवडलेले, बायकोला दुसरीचं चौकोनी नाक. माझ्या वडिलांची, अण्णांची, सगळी नोकरी सरकारी जीप चालवण्यात गेली, म्हणून त्यांनाही शोरूममध्ये नेलं. त्यांनी दोन्ही गाड्यांपुढे वाकून बंपरखाली बोटं फिरवली.

"हँडल घालायचं भोक कुठंय?"

"आजोबा, ही बटणावर सुरू होते," सेल्समन हसला.

"बरं झालं. माझं मनगट हँडलनंच मोडलं. जीप सुरू करताना उलटं फिरलं होतं."

मी हबकलोच. लहानपणी रस्ता ओलांडताना मी तेच वाकडं मनगट धरायचो. मला वाटायचं, ते मुळातच तसं आहे. आणि इथे मी दिवे निवडत होतो!

"घे कुठलीही," अण्णा म्हणाले, "भोक एकीलाही नाही."